शॉपिफायचं पहिलं ॲप उभं करताना: काय आधी, काय नंतर

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणाचा तरी स्क्रीनशॉट येतो, आणि बघितला की कळतं की घोळ कोडमध्ये नाहीये, क्रमात आहे. टेस्टसाठी दुकान बनवलंच नव्हतं आणि ॲप चालवायला घेतलं. किंवा डिप्लॉयची कमांड चालवली, हिरवी टिक दिसली, आणि ॲप लाईव्ह झालं समजून दुकानदाराला फोनसुद्धा करून टाकला. कॉलेज रोडला माझ्याकडे बसून शिकलेल्या पोरांनी ह्याच चुका केल्यात, त्यांच्या आधी मी केल्यात, म्हणून एकदाचं ओळीने लिहून टाकतो.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवू. नाशकातलं चिवड्याचं दुकान आहे, शॉपिफायवर, म्हणजे ऑनलाइन दुकान उभं करून देणाऱ्या सेवेवर, माल विकतात, आणि मालकांना प्रत्येक मालाला 'पॅकिंगची तारीख' लावायचीय, तीही रोज सकाळी एका बटणावर, कारण काउंटरवरचा मुलगा एकेक प्रॉडक्ट उघडून तारीख भरत बसणार नाही. एवढंच ॲप. पहिल्या ॲपला ह्यापेक्षा मोठं काम घेऊच नका.

कमांड आणि फाईलींची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

## आधी तीन जागा डोक्यात पक्क्या करा

तुमचं ॲप एका ठिकाणी नसतं, तीन ठिकाणी असतं. पहिली जागा म्हणजे कोड, जो आज तुमच्या लॅपटॉपवर आहे आणि उद्या सर्व्हरवर जाईल. दुसरी जागा म्हणजे नोंद, शॉपिफायच्या डेव्ह डॅशबोर्डमधली (ॲप बनवणाऱ्यांसाठीची त्यांची साइट), जिथे ॲपचं नाव, पत्ता, परवानग्या, क्लायंट आयडी (ॲपची ओळख) आणि सीक्रेट (ॲपचा पासवर्ड म्हणा) असतं. तिसरी जागा म्हणजे दुकान, जिथे ते ॲप इन्स्टॉल होतं. सातबारा एकाच्या नावावर, शेत दुसरीकडे आणि कसणारा तिसराच, असं झालं की जसा गोंधळ होतो तसाच इथे होतो. कुठलाही एरर आला की आधी स्वतःला विचारायचं की हा कोडमधला आहे, नोंदीतला आहे का दुकानातला. माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त प्रश्न एवढ्यावरच सुटतात.

## १. मशीन तयार करा

नोडची (लॅपटॉपवर किंवा सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) २२ किंवा त्याच्या पुढची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी, आवृत्ती घ्या. जुन्या लॅपटॉपवर १८ पडलेली असते आणि 'चालतंय की' म्हणून लोक तीच वापरतात. तिचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय आणि नवा सांगाडा (शॉपिफायकडून मिळणारा ॲपचा सुरुवातीचा तयार कोड) तिच्यावर नीट उभा राहत नाही. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) २.२८ किंवा पुढचं लागतं. मग शॉपिफायची सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून कमांड देऊन चालवायचं साधन, एनपीएममधून (नोडबरोबर येणारा पॅकेज इन्स्टॉलर) ग्लोबल इन्स्टॉल करायची.

विंडोजवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण इकडे बहुतेकांकडे विंडोजच आहे. पॉवरशेलमध्ये 'स्क्रिप्ट चालवायला ह्या सिस्टिमवर बंदी आहे' अशा अर्थाचा लाल मजकूर आला तर नोड खराब झालेलं नाही, पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी आडवी येतेय. साधं कमांड प्रॉम्प्ट उघडा नाहीतर आपल्या युजरपुरती ती पॉलिसी रिमोटसाइन्ड करा. दुसरं, प्रोजेक्टचं फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका, कारण तो डेस्कटॉप पुष्कळदा वनड्राइव्हशी जोडलेला असतो, वनड्राइव्ह हजारो लहान फाईली वर चढवायला घेतो आणि इन्स्टॉल मध्येच 'परवानगी नाही' म्हणून थांबतं. सी ड्राइव्हमध्ये सरळ एक 'कोड' नावाचं फोल्डर करा. नावात स्पेस नको, मराठी अक्षरं नकोत.

तपासा: नोड, गिट आणि शॉपिफाय, तिघांची आवृत्ती टर्मिनलमध्ये विचारून बघा. तिन्ही आकडे आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## २. खातं आणि टेस्टचं दुकान

हा टप्पा सगळेजण उडी मारून पुढे जातात.

शॉपिफायच्या डेव्ह डॅशबोर्डवर खातं काढा आणि त्यातूनच एक डेव्हलपमेंट दुकान बनवा. ते फुकट असतं. बनवताना टेस्ट डेटा भरून हवा का असं विचारतात तिथे हो म्हणा, नाहीतर रिकाम्या दुकानात काय तपासणार. त्यात चार प्रॉडक्ट आपल्या हाताने टाका, तेही खऱ्या नावांनी: पोह्याचा चिवडा, मक्याचा चिवडा, लसूण शेव, भडंग. मराठी नाव, लांब नाव आणि स्वल्पविराम असलेलं नाव टाकून ठेवलं की पुढे जे फुटायचं ते इथेच फुटतं.

ईमेल कुठला वापरताय तो कागदावर लिहून ठेवा. घरचा एक, कामाचा एक, ब्राउजरमध्ये तिसराच लॉगइन, आणि मग सीएलआय म्हणते तुमच्याकडे दुकानच नाही. दुकान असतं, पण ते दुसऱ्या ईमेलखाली असतं.

जपून: गिऱ्हाइकाच्या चालू दुकानावर शिकू नका. 'एकच तर बटण आहे' म्हणत म्हणत माणूस त्यांच्या लाईव्ह यादीत भलत्याच वस्तू घालून ठेवतो, आणि सांगाड्यात नेमकं तेच करणारं बटण येतं, खाली बघालच.

## ३. सांगाडा बनवा

कोडच्या फोल्डरमध्ये जाऊन 'शॉपिफाय ॲप इनिट' ही कमांड. ती काही प्रश्न विचारते. कसलं ॲप हवंय त्याला रिॲक्ट राउटरवालं (वेब ॲप लिहायचा एक तयार पाया) निवडा. नुसतं एक्स्टेन्शनवालं नको, त्यात आपला सर्व्हर नसतो आणि आपल्याला तर तारखेचं पान हवंय. जावास्क्रिप्ट का टाइपस्क्रिप्ट, तर जे येतं ते घ्या. जुन्या व्हिडिओत त्याच्या जागी रिमिक्स दिसेल, त्याला घाबरू नका, दोन्हीची रचना पुष्कळ सारखी आहे, पण नवीन सुरुवात रिॲक्ट राउटरनेच करा.

मग ब्राउजर उघडून लॉगइन मागेल, आणि नवीन ॲप बनवायचं का आधीच्या ॲपला जोडायचं असं विचारेल. पहिल्यांदा नवीन. आणि नाव देताना शेवटी 'डेव्ह' लावा, म्हणजे 'चिवडा तारीख डेव्ह'. खऱ्या दुकानासाठी आपण नंतर वेगळी नोंद करणार आहोत, ती बिनशेपटीची राहू दे.

हे झालं की एका दमात दोन जागा तयार झालेल्या असतात: लॅपटॉपवर कोड आणि डॅशबोर्डवर नोंद. दोघांना जोडणारा धागा म्हणजे फोल्डरमधली शॉपिफाय डॉट ॲप डॉट टॉमल नावाची फाईल. तिला मी पुढे नुसतं टॉमल म्हणेन. ती उघडून शांतपणे वाचा, पन्नासेक ओळीसुद्धा नसतात. क्लायंट आयडी, ॲपचा पत्ता, परवानग्या, वेबहुक (दुकानात काही घडलं की शॉपिफाय ॲपला पाठवतं तो निरोप), सगळं तिच्यात आहे.

क्लायंट आयडी गुपित नाही, तो गिटमध्ये गेला तरी चालतो. क्लायंट सीक्रेट मात्र गुपित आहे, आणि ते कोडमध्ये नाही, टॉमलमध्ये नाही, डॉट ईएनव्ही ही गुपितं ठेवायची फाईल गिटमध्ये टाकून तर अजिबात नाही. एकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर मदत मागताना अख्ख्या स्क्रीनचा फोटो टाकला होता, त्यात सीक्रेट ठळक दिसत होतं. असं झालं तर मेसेज डिलीट करून भागत नाही, डॅशबोर्डवर जाऊन सीक्रेट बदला.

## ४. पहिल्यांदा चालवा

'शॉपिफाय ॲप डेव्ह'. कुठलं दुकान विचारेल, टप्पा २ मधलं निवडा. मग टर्मिनलमध्ये भराभर ओळी पळतात आणि शेवटी प्रीव्ह्यूची सोय दिसते. कीबोर्डवर पी दाबा, ब्राउजरमध्ये दुकानाचं ॲडमिन (मालकांचं कारभाराचं पान) उघडेल, इन्स्टॉलला हो म्हणा.

आतमध्ये एक बटण असतं, प्रॉडक्ट तयार करा असं. दाबलं की दुकानात एक स्नोबोर्ड येतो, रंग लाल, नारिंगी, पिवळा नाहीतर हिरवा, किंमत १००. नाशकात स्नोबोर्ड कोण घेणार हा भाग वेगळा, पण हे बटण तुमच्या कामाचं आहे, कारण ते एकदा चाललं म्हणजे कोड, नोंद आणि दुकान तिघं एकमेकांशी बोलतायत हे सिद्ध झालं. म्हणून घाईघाईत पहिल्याच दिवशी ते काढून टाकू नका. पुढे काही बिघडलं की पहिल्यांदा स्नोबोर्ड तयार होतोय का बघायचं, तो होत असेल तर बिघाड तुमच्या नव्या कोडमध्ये आहे, होत नसेल तर जोडणीत.

आता टनेलबद्दल. तुमचा लॅपटॉप इंटरनेटवरून कुणाला दिसत नाही, म्हणून सीएलआय क्लाउडफ्लेअरचा एक तात्पुरता बोगदा काढते आणि शॉपिफाय त्यातून तुमच्यापर्यंत येतं. हा बोगदा कसाऱ्याच्या घाटातल्यासारखा कायमचा खोदलेला नाही, दर वेळी नवीन पडतो, नव्या पत्त्यासकट. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली, राउटर बंद पडला, की बोगदा गेला. परत डेव्ह चालवायचं आणि पान टर्मिनलमधूनच उघडायचं, काल बुकमार्क केलेला पत्ता टाकायचा नाही.

इथे नेहमी दिसणारे तीन प्रकार:

- ॲडमिनमध्ये ॲप उघडल्यावर 'कनेक्ट करायला नकार दिला' असं करडं पान येतं. बहुतेकदा डेव्ह बंद आहे नाहीतर पत्ता जुना आहे. डेव्ह थांबवा, परत चालवा, पी दाबा.
- एक्झाम्पल डॉट कॉमचं पान दिसतंय. सांगाड्याच्या टॉमलमध्ये जागा भरायला तोच पत्ता ठेवलेला असतो, म्हणजे तुमचा खरा पत्ता नोंदीपर्यंत पोचलाच नाही.
- सेशनचं (दुकानाच्या लॉगइनची नोंद) टेबल सापडत नाही असा एरर. डेटाबेस तयार व्हायचा राहिलाय. 'एनपीएम रन सेटअप' एकदा चालवा.

दुसऱ्याच कुठल्या तरी ॲपला किंवा दुकानाला जोडलं गेलंय असं वाटलं तर डेव्हच्या कमांडला 'रीसेट' जोडून चालवा, प्रश्न पहिल्यापासून विचारले जातील.

तपासा: स्नोबोर्ड दुकानाच्या प्रॉडक्ट यादीत दिसतोय? मग गिटमध्ये पहिला कमिट करा, म्हणजे आहे ती स्थिती नोंदवून ठेवा. आत्ताच, पुढे काही बदलायच्या आधी.

## ५. परवानग्या: जेवढं लागतं तेवढंच मागा

टॉमलमध्ये स्कोप्स म्हणून एक ओळ आहे, त्यात प्रॉडक्ट लिहायची परवानगी आधीच असते. आपल्या तारखेच्या ॲपला तेवढीच पुरते. लिहायची परवानगी असली की वाचायची तिच्यात धरलेलीच असते, वेगळी मागायला लागत नाही.

'पुढेमागे लागेल' म्हणून ऑर्डर, गिऱ्हाईक, सगळं मागून ठेवायची सवय लोकांना असते. ती मोडा. गिऱ्हाइकांचं नाव, पत्ता, फोन हा शॉपिफायच्या हिशेबी संरक्षित डेटा आहे, त्यासाठी डॅशबोर्डवर वेगळी मागणी करून कारण द्यावं लागतं. ते न करता ऑर्डरचा वेबहुक लावला की 'ॲपला मंजुरी नाही' असा एरर येतो, आणि मग माणूस दोन दिवस कोड उलटापालटा करत बसतो. तो एरर नोंदीतला आहे, कोडमधला नाही. शिवाय ऑर्डर वाचायची परवानगी मिळाली तरी साध्या परवानगीत शेवटच्या ६० दिवसांच्याच ऑर्डर दिसतात. मागच्या दिवाळीचा हिशोब काढून देतो असं दुकानदाराला कबूल करायच्या आधी हे माहीत असू द्या.

खऱ्या दुकानात इन्स्टॉल झाल्यावर परवानगी वाढवली तर पुढच्या वेळी ॲप उघडताना मालकांसमोर मंजुरीचं पान येतं. आधी सांगून ठेवलं नाही तर ते घाबरून फोन करतात, त्यांचंही बरोबरच आहे.

## ६. आपलं खरं काम: तारीख लिहा

आता स्नोबोर्डचं बटण तसंच ठेवून शेजारी नवीन पान करा. प्रॉडक्टला जास्तीची माहिती चिकटवायची जागा म्हणजे मेटाफिल्ड. आपण 'पॅकिंगची तारीख' नावाचं, तारीख ह्या प्रकारचं मेटाफिल्ड लिहिणार.

लिहायचं ते ग्राफक्यूएलने, म्हणजे शॉपिफायकडून डेटा मागायच्या-बदलायच्या नव्या पद्धतीने. जुन्या व्हिडिओत रेस्ट एपीआय ही जुनी पद्धत दिसेल, तिच्या नादी लागू नका. ऑक्टोबर २०२४ पासून ती लेगसी आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून नव्या पब्लिक ॲपला ग्राफक्यूएलच लागतं. आधी कोड लिहूच नका. डेव्ह चालू असताना कीबोर्डवर जी दाबलं की ग्राफिक्यूएल (ग्राफक्यूएल हाताने चालवून बघायचं पान) उघडतं, तिथे मेटाफिल्ड्स सेटचं म्युटेशन (डेटा बदलायची विनंती) एका प्रॉडक्टवर हाताने चालवून बघा. तिथे चाललं की मगच कोडमध्ये उतरवा.

नवीन पानाच्या लोडरमध्ये (पानासाठी डेटा आणणारं फंक्शन) आणि ॲक्शनमध्ये (बटण दाबल्यावरचं काम करणारं फंक्शन) पहिली ओळ ऑथेंटिकेट ॲडमिनची, म्हणजे लॉगइन तपासणारी, हवी. कॉपी-पेस्टमध्ये ती राहते आणि पान बिनतपासणीचं उघडं पडतं. आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला साधा एचटीएमएलचा अँकर वापरू नका, राउटरची लिंक वापरा. तुमचं ॲप ॲडमिनच्या आत एका चौकटीत चालतं, साध्या अँकरने पूर्ण पान नव्याने लोड होतं, सेशन हरवतं आणि माणूस लॉगइनच्या पानावर जाऊन पडतो.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो त्या तीन जागा.

पहिली, प्रॉडक्टचा आयडी. ॲडमिनच्या पत्त्यात दिसतो तो नुसता आकडा असतो. ग्राफक्यूएलला पूर्ण जीआयडी लागतो, म्हणजे पुढे शॉपिफाय आणि प्रॉडक्ट लावलेला. नुसता आकडा दिला तर चालत नाही.

दुसरी, यूजर एरर्स. ही जरा नीट समजून घ्या. म्युटेशन फसलं तरी सर्व्हरकडून २०० चा आकडा येऊ शकतो, म्हणजे पोस्टमन पत्र देऊन गेला एवढंच, आत काय लिहिलंय ते वेगळं. चूक काय झाली ते यूजर एरर्स नावाच्या यादीत असतं. तुम्ही ती यादी मागितलीच नाहीत, किंवा मागून वाचली नाहीत, तर स्क्रीनवर 'झालं' दिसतं आणि दुकानात काहीच झालेलं नसतं. यादी मागा, रिकामी आहे का बघा, नसेल तर त्यातला मजकूर जसाच्या तसा स्क्रीनवर दाखवा. एका कॉलमध्ये जास्तीत जास्त २५ मेटाफिल्ड जातात, म्हणून ४० माल असतील तर दोन खेपा करा. सव्विसाव्यापासून पुढचं आपोआप जाईल अशी आशा नको.

तिसरी, तारीख. एपीआयला वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमाने हवी, २०२५-०८-१५ अशी, आणि आकडे इंग्रजी. आपल्याकडे फॉर्ममध्ये लोक १५/०८ टाकतात, ती तशीच पाठवली की यूजर एरर. हे लगेच कळतं तरी. जे कळत नाही ते सांगतो. चिवड्याच्या दुकानात भट्टी पहाटे लागते, पाच वाजता मुलगा बटण दाबायचा. दोन दिवसांनी काकांचा, म्हणजे मालकांचा, फोन: "अहो दादा, आजचा माल अन् कालची तारीख! गिऱ्हाईक म्हणतंय शिळा देताय." मी आधी मुलावर संशय घेतला. पण चूक माझी होती. मी आजची तारीख काढायला आयएसओ स्ट्रिंगची (कोडमधून मिळणारी प्रमाण पद्धतीची तारीख-वेळ) पहिली दहा अक्षरं उचलली होती, आणि ती वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे नाशकात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या रात्रीचे साडेअकरा. दिवसा टेस्ट केलं की सगळं बरोबरच दिसतं, पहाटे साडेपाचच्या आतच फसतं. तारीख काढताना टाइमझोन एशिया कोलकाता असा स्पष्ट द्या. सर्व्हर भारतात घेतला म्हणून हे सुटत नाही, आयएसओ स्ट्रिंग कुठेही यूटीसीच देते.

दुकानाच्या पानावर गिऱ्हाइकाला तारीख दाखवायची तर थीम ॲप एक्स्टेन्शन (दुकानाच्या पानावर बसणारा ॲपचा तुकडा, म्हणजे ब्लॉक) बनवा, तो ब्लॉक मालक स्वतः थीम एडिटरमधून हवा तिथे ठेवू शकतात. थीमच्या फाईलींमध्ये हात घालून कोड चिकटवू नका. थीम बदलली की तो जातो, आणि ॲप काढलं तरी कचरा मागे राहतो.

तपासा: एका प्रॉडक्टला बरोबर तारीख, मुद्दाम चुकीची तारीख, आणि सगळ्यांना एकदम, असे तीन प्रयोग करा. मग तारीख काढणाऱ्या कोडला पहाटे चारची वेळ हाताने देऊन चौथा.

## ७. वेबहुक

पहिल्या ॲपमध्ये ह्यात फार रमू नका. सांगाड्यात ॲप अनइन्स्टॉल झालं आणि परवानग्या बदलल्या, असे दोन आधीच लावलेले असतात, ते काढू नका. नवीन लावलात तर टॉमलमध्येच लावा. उत्तर ५ सेकंदांत गेलं पाहिजे, म्हणून आधी 'मिळालं' म्हणा आणि जड काम मागाहून करा. एकच निरोप दोनदा येऊ शकतो हे धरून चाला. निरोप खरंच शॉपिफायकडूनच आलाय हे सांगणारी सही त्यात असते, ती तपासणं सांगाड्याच्या ऑथेंटिकेट वेबहुकवर सोडा. स्वतः करायला गेलात आणि मजकूर आधी जेसन (डेटा लिहायचा एक साचा) म्हणून उघडलात तर सही कधीच जुळणार नाही, कारण ती जशी आली तशा कच्च्या मजकुरावर काढलेली असते.

ॲप स्टोअरवर टाकायचं असेल तर प्रायव्हसीचे तीन वेबहुक सक्तीचे आहेत: गिऱ्हाइकाच्या डेटाची मागणी, गिऱ्हाइकाचा डेटा पुसणं, दुकानाचा डेटा पुसणं.

## ८. खऱ्या दुकानासाठी वेगळी नोंद आणि सर्व्हर

इथपर्यंतचं सगळं 'डेव्ह'वालं होतं. आता 'शॉपिफाय ॲप कॉन्फिग लिंक' चालवून खऱ्या ॲपची दुसरी नोंद करा, तिची वेगळी टॉमल तयार होते. दोन्हींमध्ये जायला-यायला 'कॉन्फिग यूज'. खऱ्या टॉमलमध्ये डेव्ह चालवताना पत्ते आपोआप बदलायची सोय असते ती फॉल्स ठेवा, म्हणजे तुमच्या बोगद्याचा पत्ता कधी चुकून खऱ्या नोंदीत जाणार नाही.

सर्व्हर कुठलाही घ्या, नोड चालवणारा आणि एचटीटीपीएस देणारा. फुकटचा घेतलात तर तो रिकामा असताना झोपतो का ते बघा. झोपलेला सर्व्हर उठेपर्यंत वेबहुकचे ५ सेकंद निघून जातात आणि काउंटरवरचा मुलगा पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसतो.

डेटाबेसचं मात्र आधी बघा, हे सोडून लोक पुढे जातात. सांगाड्यात एसक्यूलाइट असतो, एक फाईल. पुष्कळ होस्टिंगवर प्रत्येक नव्या डिप्लॉयला डिस्क कोरी होते, ती फाईल जाते, तिच्याबरोबर दुकानांची सेशन जातात. पोस्टग्रेस (वेगळा चालणारा डेटाबेस) घ्या. प्रिझ्माच्या (कोड आणि डेटाबेस जोडणारं साधन) स्कीमा फाईलमध्ये प्रोव्हायडर बदला, आणि एवढ्यावर थांबू नका: जुनं मायग्रेशन्सचं (डेटाबेसची रचना बनवायच्या पायऱ्या) फोल्डर एसक्यूलाइटसाठी लिहिलेलं असतं, त्यातली लॉक फाईल नव्या प्रोव्हायडरशी जुळत नाही आणि प्रिझ्मा अडून बसतो. ते फोल्डर काढा, पोस्टग्रेसवर नव्याने मायग्रेशन बनवा, मग वर चढवा.

सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंटमध्ये काय भरायचं ते 'शॉपिफाय ॲप ईएनव्ही शो' सांगते: की, सीक्रेट, स्कोप्स. ह्याशिवाय ॲपचा पत्ता आणि डेटाबेसचा पत्ता तुम्ही भरायचा. ही कमांड चालवताना कॉन्फिग खऱ्याचं निवडलेलं हवं. डेव्हची की आणि खऱ्याचं सीक्रेट अशी खिचडी झाली की लॉगइन गोल गोल फिरत राहतं आणि एररसुद्धा धड येत नाही.

तपासा: सर्व्हरवरचा पत्ता, टॉमलमधला ॲपचा पत्ता आणि रिडायरेक्टचे पत्ते, तिन्हींचं डोमेन एकच आहे का? एकाला पुढे डब्लूडब्लूडब्लू आणि दुसऱ्याला नाही, असंही चालत नाही.

## ९. डिप्लॉय, आणि दुकानात

आता सुरुवातीची गोष्ट. 'शॉपिफाय ॲप डिप्लॉय' तुमचा कोड सर्व्हरवर चढवत नाही. ती टॉमलमधली माहिती आणि एक्स्टेन्शन्स शॉपिफायकडे नेऊन नवी आवृत्ती करते, म्हणजे दुसरी जागा, नोंद, तेवढीच बदलते. पहिली जागा, कोड, तुम्ही तुमच्या होस्टिंगच्या पद्धतीने वेगळा चढवायचा. दोन कामं, दोन कमांडी. क्रम असा ठेवा की आधी कोड सर्व्हरवर, तो ब्राउजरमध्ये उघडून उत्तर देतोय हे बघा, मग शॉपिफाय डिप्लॉय. उलट केलंत तर नवी परवानगी मागितली जाते आणि ती वापरणारा कोड अजून पोचलेलाच नसतो. एंटर दाबायच्या आधी टर्मिनल कुठलं कॉन्फिग वापरतंय ते वाचा. आवृत्ती फसली तर घाबरू नका, 'शॉपिफाय ॲप रिलीज'ने जुनी आवृत्ती परत लावता येते.

शेवटी डिस्ट्रिब्युशन. एकाच दुकानासाठी असेल तर कस्टम, सगळ्यांसाठी ॲप स्टोअरवर जायचं तर पब्लिक. हे एकदा निवडलं की बदलता येत नाही, म्हणून डेव्हची आणि खऱ्याची नोंद वेगळी ठेवायला लावली होती. कस्टममध्ये दुकानाचा पत्ता मागतात तो मायशॉपिफाय डॉट कॉमवाला, दुकानदाराने विकत घेतलेलं डोमेन नाही. मिळालेली लिंक मालकांना पाठवायची आणि इन्स्टॉल त्यांनीच करायचं. कस्टम ॲपला शॉपिफायच्या बिलातून पैसे घेता येत नाहीत, तेव्हा तुमचे पैसे कसे आणि कधी, ते काकांशी लिंक पाठवायच्या आधी बोलून घ्या. नंतर बोललात तर चिवडा मिळेल.

इन्स्टॉल झालं की त्यांच्या एकाच मालाला तारीख लावून बघा, सगळ्यांना नको. आणि डेव्ह बंद करून लॅपटॉपही बंद करा, मग काकांना त्यांच्या फोनवरच्या शॉपिफाय ॲपमधून तुमचं ॲप उघडायला सांगा. उघडलं तर खरंच सर्व्हरवरून चालतंय. नाही उघडलं तर आत्तापर्यंत ते तुमच्या बोगद्यातूनच चालू होतं, परत टप्पा ८ ला या.